घरच्या मेल सर्व्हरचा स्पॅम फिल्टर: आकडे नंतर हलवा, आधी लॉग वाचा

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायला घेतला की तक्रारी दोनच येतात. एक म्हणजे "काय हा रोजचा कचरा" आणि दुसरी "ते म्हणतात पाठवली, मला मिळालीच नाही". पहिली करणारा माणूस वैतागलेला असतो पण त्याचं नुकसान काही नसतं, डिलीट दाबलं की विषय संपला. खरा घोळ दुसऱ्या तक्रारीत असतो आणि ती बऱ्याचदा येतच नाही, कारण न आलेल्या मेलबद्दल ओरडणार कोण. त्यामुळे माझा हिशोब सरळ आहे, दहा स्पॅम आत आले तरी चालतील पण एक खरी मेल दारातून परत जाता कामा नये. खाली जे काही लिहितोय ते सगळं हा हिशोब धरून.

माझ्याकडे पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आणि आरस्पॅमडी (मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा फिल्टर, जितके गुण जास्त तितका संशय) आहे. स्पॅमअसॅसिन हा दुसरा फिल्टर वापरत असाल तरी विचार तोच, आकडे वेगळे, ते मध्ये मध्ये सांगतो. एक आधीच सांगून ठेवतो, इथे कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिलीत, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करा, आकडे सुद्धा.

सगळ्यात आधी डीएनएस, हो खरंच

लोक थेट स्कोअर बदलायला जातात आणि इथेच फसतात. फिल्टरचा निम्मा जीव डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या डिरेक्टरीत असतो, ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या), एसपीएफ (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायची ते), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या दोन्हींवरून फ्रॉममधलं डोमेन खरं का ते), सगळं डीएनएस विचारूनच ठरतं. आणि स्पॅमहाउससारख्या लिस्ट पब्लिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसची उत्तरं आणून देणारा, सगळ्यांना खुला सर्व्हर) विचारलं तर उत्तर देत नाहीत, म्हणजे देतात पण ते खरं उत्तर नसतं, १२७.२५५.२५५.२५४ असा एक एरर कोड येतो ज्याचा अर्थ "तुम्ही पब्लिक रिझॉल्व्हरवरून विचारताय". खऱ्या लिस्टिंगचं उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यातलं असतं.

आता माझा पराक्रम ऐका. एका शुक्रवारी रात्री मी सर्व्हर नव्या मशीनवर हलवला आणि रिझॉल्व्हर म्हणून कुठलातरी पब्लिकवाला टाकून दिला, म्हटलं नंतर बघू. पोस्टफिक्समध्ये रिजेक्ट आरबीएल क्लायंटची, म्हणजे लिस्टवर असलेल्याला नाकारायची, जुनी ओळ तशीच होती, नुसतं लिस्टचं नाव, पुढे काही नाही. अशी ओळ असली की पोस्टफिक्स कुठलंही उत्तर आलं तरी "हा लिस्टवर आहे" असंच समजतो, एरर कोड आला तरीही. शनिवार रविवार इनबॉक्स एकदम शांत. मला वाटलं वा, नवीन मशीन काय झकास चाललंय, एक स्पॅम नाही. सोमवारी सकाळी फोन सुरू झाले. दोन दिवसात आलेली प्रत्येक मेल, प्रत्येक, मी स्वतः नाकारली होती.

तेव्हा हे तीन उद्योग आधी उरका. मशीनवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर टाका आणि त्याला पुढे कुणाकडे फॉरवर्ड करू देऊ नका, त्याने रूट सर्व्हरपासून स्वतः शोधायचं. सिस्टिमचा आणि आरस्पॅमडीचा नेमसर्व्हर दोन्ही १२७.०.०.१ करा, आरस्पॅमडीत ते ऑप्शन्सच्या फाइलमध्ये डीएनएसच्या कंसात जातं. पोस्टफिक्समध्ये लिस्टच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून १२७.०.०.[२..११] असं लिहा म्हणजे तेवढीच उत्तरं धरली जातील. मग डिग कमांडने तपासा, आयपी उलटा लिहून विचारायचा असतो, म्हणजे २.०.०.१२७ पुढे लिस्टचं नाव. हा टेस्टसाठी ठेवलेला पत्ता आहे, याचं उत्तर यायलाच पाहिजे, आणि १.०.०.१२७ ला काही येता कामा नये. दोन्ही बरोबर आलं की पुढे चला. स्पॅमअसॅसिनवाल्यांनी मेलच्या हेडरमध्ये यूआरआयबीएल ब्लॉक्ड असं दिसतंय का बघावं, दिसलं तर दुखणं हेच आहे.

आणि एक, ट्यूनिंग चालू असेपर्यंत पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स येस करून ठेवा. मग पोस्टफिक्स कायमचा नकार न देता "थोड्या वेळाने या" म्हणतो आणि समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत प्रयत्न करत राहतो. पोस्टफिक्स स्वतः अशी मेल डिफॉल्टने ५ दिवस धरून ठेवतो, बाकीच्यांचं कमीजास्त असतं. तुमची चूक सुधारायला तेवढा वेळ मिळतो. त्या शुक्रवारी ही एक ओळ असती तर सोमवारी मी नुसता चहा पीत बसलो असतो. काम झालं की आठवणीने काढा मात्र, नाहीतर स्पॅमवाले तेच तेच घेऊन दार वाजवत राहतात.

एक आठवडा हात बांधून बसा

ही पायरी कुणालाच आवडत नाही. आठवडाभर काही बदलायचं नाही, नुसतं बघायचं. आरस्पॅमडीचं वेब पान ११३३४ पोर्टवर असतं (बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका, एसएसएच टनेलमधून बघा), तिथे हिस्टरीमध्ये प्रत्येक मेलचा स्कोअर आणि कुठल्या सिम्बॉलमुळे (म्हणजे फिल्टरच्या कुठल्या तपासणीमुळे) किती गुण लागले ते दिसतं. डिफॉल्टमध्ये हिस्टरी शेवटच्या २०० मेलचीच राहते, ती थोडी वाढवून २००० वगैरे करा नाहीतर दोन दिवसापूर्वीचं काही सापडत नाही. शिवाय मिल्टर हेडर्स मोड्यूलमधून सविस्तर हेडर चालू करा, म्हणजे मेल कुठल्याही फोल्डरमध्ये गेली तरी तिच्या पोटातच सगळा हिशोब राहतो आणि सहा महिन्यांनी कुणी विचारलं तरी सांगता येतं.

या आठवड्यात एक साधी वही करा, स्पॅम असून इनबॉक्सात आलेल्या आणि चांगली असून जंकमध्ये गेलेल्या मेल. प्रत्येकीपुढे स्कोअर आणि मोठे सिम्बॉल. वीसेक नोंदी झाल्या की पॅटर्न आपोआप दिसायला लागतो, आणि तुम्हाला वाटत असतं त्यापेक्षा तो बहुतेक वेळा वेगळाच निघतो.

दारावरचा वॉचमन

कंटेंट वाचून स्पॅम ओळखणं हे महागाचं काम, सीपीयूच्या हिशोबाने. त्याआधी बॉटनेटची (हॅक झालेल्या मशीनच्या टोळ्यांची) गर्दी दारातच कमी करता येते आणि त्यासाठी पोस्टफिक्समधलं पोस्टस्क्रीन मस्त आहे. ते काय करतं तर नवीन क्लायंट आला की नमस्काराची ओळ अर्धवट देऊन डिफॉल्टने ६ सेकंद थांबतं. शहाणा मेल सर्व्हर गप उभा राहतो, पण स्पॅम पाठवणारा बॉट घाईत असतो, तो आधीच बोलायला लागतो आणि पकडला जातो. लॉगमध्ये याला प्रीग्रीट म्हणतात. त्याच वेळात ब्लॉकलिस्टही तपासून होतात आणि तिथे लिस्टला वजन देता येतं, म्हणजे भरवशाच्या लिस्टला ३, बाकीच्यांना १ किंवा २, आणि थ्रेशोल्ड, म्हणजे अडवायची मर्यादा, ३. एका फालतू लिस्टच्या सांगण्यावरून कुणी बाहेर जात नाही.

गंमत म्हणजे पोस्टस्क्रीनच्या या ॲक्शन डिफॉल्टने इग्नोर असतात. म्हणजे लॉग लिहितं पण अडवत कुणालाच नाही. लोक चालू करून महिनोन्महिने समजतात की काम करतंय. हेच डिफॉल्ट तुमच्या फायद्याचं आहे, चार दिवस लॉग बघा, कुणी ओळखीचं अडकत नाही ना याची खात्री करा आणि मग एन्फोर्स करा. पुढच्या डीप टेस्ट आहेत त्या मी बंदच ठेवतो, त्या चालू केल्या की प्रत्येक नव्या सर्व्हरला एकदा परत पाठवलं जातं आणि मोठे मेलवाले दुसऱ्या वेळी वेगळ्याच आयपीवरून येतात, मग ओटीपीची वाट बघत बसा.

हे सगळं फक्त २५ पोर्टवर, हे विसरू नका. तुमचे स्वतःचे युजर ५८७ किंवा ४६५ वरून लॉगिन करून पाठवतात, त्यांना यातलं काही लावायचं नाही. घरगुती इंटरनेटचे आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएलमध्ये असतातच, कारण तिथून थेट मेल सर्व्हर चालवणं अपेक्षित नाही, त्यामुळे ती लिस्ट सबमिशनला, म्हणजे या ५८७ आणि ४६५ ला, लागली की तुमच्याच माणसाची मेल तुमच्याच सर्व्हरने नाकारली असं होतं.

थ्रेशोल्ड

आरस्पॅमडीत मुद्दलात ४ ला ग्रेलिस्ट ("थोड्या वेळाने या" म्हणणं), ६ ला हेडर लावून जंकमध्ये, १५ ला रिजेक्ट. स्पॅमअसॅसिनमध्ये ५ च्या वर स्पॅम. माझं मत विचाराल तर हे आकडे पहिले तीन महिने बदलूच नका. "खूप स्पॅम येतोय" म्हणून ६ चा ४ केला की स्पॅम कमी होतो हे खरं, पण त्याबरोबर ५ गुणांवर बसलेली सगळी गरीब बिचारी न्यूजलेटर, बँकेचे अलर्ट, छोट्या दुकानांची बिलं पण जंकमध्ये जातात.

रिजेक्ट आणि जंक यातला फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. रिजेक्ट दोन सर्व्हरचं एसएमटीपीचं बोलणं चालू असतानाच व्हायला हवा, म्हणजे पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला कळतं आणि तो आपल्या माणसाला सांगतो. आधी मेल घेतली, मग स्पॅम ठरवली आणि मग बाउन्स (मेल पोचली नाही अशी उलटी मेल) पाठवला, असं कधीही करू नका, स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो त्यामुळे तुमचा बाउन्स भलत्याच निरपराध माणसाला जातो आणि बॅकस्कॅटर म्हणून तुम्हीच ब्लॉकलिस्टवर जाता. मेल घेऊन गुपचूप टाकून देणं तर त्याहून वाईट, कुणालाच काही कळत नाही.

एक मेल उघडून बघू

सगळी थिअरी बाजूला ठेवा आणि ही एक मेल बघा, जंकमध्ये सापडलेली, आत एक साधं बिल होतं. हिशोब असा होता: मिसिंग एमआयडी २.५, एचफिल्टर होस्टनेम अननोन २.५, माइम एचटीएमएल ओन्ली ०.२, एसपीएफ अलाउ उणे ०.२, बेझ स्पॅम ३.१. बेरीज ८.१, म्हणजे सहाच्या वर, जंक.

पहिल्यांदा बघणारा म्हणतो मिसिंग एमआयडीला २.५ कशाला, अर्धा करून टाकू. थांबा. मेसेज आयडी नसणं म्हणजे कुणीतरी हाताने लिहिलेली स्क्रिप्ट मेल पाठवतेय, आणि स्पॅमवाले पण तेच करतात, तो सिम्बॉल तुमच्यासाठी रोज काम करतोय. होस्टनेम अननोन म्हणजे पाठवणाऱ्या आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) धड नाही, ते पण खरंच आहे. दोघंही खोटं बोलत नाहीयेत. खोटं बोलतोय तो बेझ, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून अंदाज बांधणारा भाग, कारण त्याला अशी बिलं कधी कुणी "हे चांगलं आहे" म्हणून दाखवलीच नाहीत. मी त्या दुकानाच्या चारपाच मेल हॅम (म्हणजे चांगली मेल) म्हणून शिकवल्या, पुढच्या बिलाला बेझने ३.१ ऐवजी उणे २ दिले, बेरीज ३, सरळ इनबॉक्स. एकही वजन, म्हणजे सिम्बॉलचे गुण, हललं नाही. शिवाय दुकानवाल्याला कळवलं की बाबा तुमच्या सर्व्हरचा पीटीआर, म्हणजे रिव्हर्स डीएनएसचा रेकॉर्ड लावून घ्या, बाकीच्यांकडेही तुमची बिलं जंकमध्येच जात असणार.

वजन कधी बदलायचं मग? जेव्हा तुमच्या वहीत एकच सिम्बॉल पाचसहा वेगवेगळ्या चांगल्या मेलमध्ये आडवा आलेला दिसेल आणि स्पॅममध्ये तो फारसा नसेल, तेव्हा. एका वेळी एकच, आणि बदलल्यावर दोन दिवस बघायचं. बदल लोकल डॉट डी फोल्डरमध्ये करा, मूळ फाइलला हात लावला तर पुढच्या अपडेटला भांडण होतं. वेब पानावरून बदललेला आकडा वेगळ्याच डायनॅमिक फाइलमध्ये जाऊन बसतो आणि नंतर तुम्ही कॉन्फिगमध्ये कितीही बदला काही होत नाही, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. प्रत्येक बदलानंतर आरस्पॅमॲडएमचं कॉन्फिगटेस्ट चालवा, आणि शंका आली की कॉन्फिगडम्पने शेवटी नक्की काय लागू आहे ते बघा.

बेझ, म्हणजे खरी मेहनत

बेझ शब्दांवरून शक्यता काढतो आणि त्याला दोन्ही बाजूचं शिकवावं लागतं. स्पॅमअसॅसिन २०० स्पॅम आणि २०० हॅम होईपर्यंत बेझचं मत विचारातच घेत नाही, आरस्पॅमडीतही किमान २०० शिकवण्या डिफॉल्टने लागतात. लोक काय करतात तर उत्साहाने तीन हजार स्पॅम शिकवतात आणि हॅम शून्य. मग "बेझ चालत नाही हो". हॅमसाठी सोपी युक्ती म्हणजे युजरने स्वतः वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवलेल्या जुन्या मेल, कुणी स्पॅमचं फोल्डर बनवून जपत नाही. (त्याला विचारून करा अर्थात.)

मराठी, हिंदी मेल येत असतील तर त्या पण हॅममध्ये भरपूर घाला. सगळं शिक्षण इंग्रजी मेलवर झालं असेल तर देवनागरी शब्द बेझच्या ओळखीचेच नसतात, आणि मग मेलमधल्या चार इंग्रजी शब्दांवरून किंवा लिंकवरून तो मत बनवतो. स्पॅमअसॅसिन फार जुना असेल तर ४.० वर या, यूटीएफ-८ चं काम त्यात बरंच सुधारलंय.

रोजचं शिकवणं युजरवर सोपवा पण त्याला कळू न देता. डव्हकॉटमध्ये आयमॅपसिव्ह आहे, मेल जंकमध्ये ओढली की स्पॅम म्हणून शिक, जंकमधून बाहेर ओढली की हॅम म्हणून शिक. यात एक खड्डा आहे, जंकमधून मेल ट्रॅशमध्ये टाकली तर ती पण "बाहेर काढली" असं धरलं जातं आणि जंक साफ करणारा शिस्तीचा माणूस रोज शेकडो स्पॅम हॅम म्हणून शिकवत बसतो. सिव्ह स्क्रिप्टमध्ये ट्रॅशचा अपवाद टाकाच. आणि उलटा प्रकार पण होतो, एखादे गृहस्थ स्वतःच सबस्क्राइब केलेलं न्यूजलेटर कंटाळा आला म्हणून जंकमध्ये टाकतात आणि बेझ सगळ्यांचा एकच असेल तर बाकीच्यांचं पण बिघडतं. पाचदहा जणांचा सर्व्हर असेल तर एकत्र बेझच बरा, तेवढ्यांत वेगळं शिकायला पुरेशा मेलच होत नाहीत, फक्त त्या गृहस्थांना अनसबस्क्राइबचं बटण दाखवा.

ऑटोलर्न जपून. स्पॅमअसॅसिन १२ च्या वरचं स्पॅम आणि ०.१ च्या खालचं हॅम म्हणून आपोआप शिकतं. कल्पना चांगली पण एकदा चुकीच्या दिशेने गेलं की स्वतःच्याच चुका स्वतःला शिकवत राहतं. पहिले दोन महिने बंद ठेवा, हाताने पाया पक्का करा, मग चालू करा.

व्हाइटलिस्ट

इथे सगळ्यात जास्त हात चुकतात. फ्रॉममधला पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो, त्यामुळे नुसत्या फ्रॉमवर व्हाइटलिस्ट (तपासणीतून सूट द्यायची यादी) म्हणजे चोराला किल्ली. स्वतःचं डोमेन तर कधीही व्हाइटलिस्ट करू नका, "तुमचा पासवर्ड संपतोय, आयटी विभाग" असल्या मेल तुमच्याच डोमेनच्या नावाने येतात आणि तुम्हीच त्यांना आत बसवलेलं असतं. आरस्पॅमडीच्या व्हाइटलिस्ट मोड्यूलमध्ये डोमेन डीकेआयएम, एसपीएफ किंवा डीमार्क पास झालं तरच सूट अशी सोय आहे, तीच वापरा. ज्यांच्याकडे डीकेआयएम नाही त्यांच्यासाठी मल्टीमॅपने (आपल्या यादीवरून गुण देणारं मोड्यूल) आयपीवर उणे ३ वगैरे द्या, पूर्ण सूट नको, उद्या त्यांचाच सर्व्हर हॅक झाला तर?

शब्दांचे नियम, म्हणजे "लॉटरी" दिसला की ५ गुण, हे माझ्या मते वेळ फुकट घालवणं आहे. स्पॅमवाला एक अक्षर बदलतो आणि तुमच्याकडे मित्राची लॉटरीवरच्या विनोदाची मेल अडकते.

फॉरवर्ड आणि बॅकअप एमएक्स

कुणाच्या जुन्या खात्यावरून तुमच्याकडे मेल फॉरवर्ड होत असेल तर एसपीएफ फेल होणारच, कारण मेल येतेय मधल्या सर्व्हरवरून. डीकेआयएम सही सहसा टिकते. म्हणून एसपीएफ फेलला डिफॉल्टपेक्षा जास्त गुण देऊ नका, डीमार्कचं बघा, त्याला दोघांपैकी एक जुळलं तरी पुरतं. मधला सर्व्हर ओळखीचा असेल तर त्याचा आयपी स्पॅमअसॅसिनच्या ट्रस्टेड नेटवर्क्समध्ये टाका, आरस्पॅमडीत यासाठी एक्स्टर्नल रिले मोड्यूल आहे, म्हणजे फिल्टर त्याच्या पलीकडचा खरा आयपी तपासतो. तुम्ही बाहेर फॉरवर्ड करत असाल तर स्पॅम ठरलेली मेल पुढे पाठवू नका, समोरचा तुम्हालाच स्पॅमर समजतो.

बॅकअप एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) असेल आणि त्यावर फिल्टर नसेल तर तो काढूनच टाका. स्पॅमवाले मुद्दाम त्याच दाराने येतात, आणि तुमचा सर्व्हर दोनचार तास बंद पडला तर पाठवणारे तसेही परत प्रयत्न करतात.

नंतरचं रुटीन

महिन्यातून एकदा अर्धा तास पुरतो. आरस्पॅमसी कमांडच्या स्टॅटमध्ये स्पॅम आणि हॅम शिकवण्यांचे आकडे बघा, एक बाजू दुसरीच्या दहापट झाली असेल तर कुणीतरी काहीतरी चुकीचं ओढतंय. डिगची ती टेस्ट परत करा. जंकमधल्या ६ ते ८ गुणांच्या मेलवर नजर टाका, खऱ्या मेल अडकतात त्या याच पट्ट्यात, वीसच्या वरच्या बघण्यात काही अर्थ नाही. १५ च्या वर रिजेक्ट झालेल्यांची नुसती पाठवणाऱ्यांची यादी चाळा, ओळखीचं नाव दिसलं की लगेच कळतं. आणि जंक फोल्डर ३० दिवसांनी आपोआप रिकामं होत असेल तर युजरला ते एकदा स्पष्ट सांगून ठेवा, कारण हरवलेल्या मेलचा फोन नेमका एकतिसाव्या दिवशी येतो.